प्रा. मधू दंडवते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधू दंडवते कोण होते? थोडक्यात सांगा.

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, समाजवादी नेते, राजापूरचे सलग पाच वेळचे खासदार, १९७७ ते १९७९ या काळात देशाचे रेल्वेमंत्री आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात अर्थमंत्री. नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला, निधन १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत.

दोन्ही मंत्रिपदांचा काळ एकत्र केला तरी जेमतेम सव्वातीन वर्षं भरतात. इतका थोडा काळ मंत्री राहिलेल्या माणसाबद्दल लोक अजून का विचारतात, याचं उत्तर रेल्वेच्या स्लीपर डब्यात आहे. त्याविषयी खाली बरंच लिहिलं आहे, कारण त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा भाग मला तोच वाटतो.

मधू दंडवते आणि मधू लिमये एकच का?

नाही. हा घोळ वारंवार होतो. दोघेही समाजवादी, दोघेही महाराष्ट्राचे, दोघेही संसदेत अभ्यासू म्हणून गाजलेले, आणि नावही एकच. पण लिमये पुण्याचे आणि लोकसभेत निवडून गेले ते बिहारमधून, मुंगेर आणि बांका इथून. ते कधी मंत्री झाले नाहीत. दंडवते निवडून गेले ते कोकणातून, आणि केंद्रात दोनदा मंत्री झाले.

ते नावापुढे ‘प्राध्यापक’ का लावत? खरंच शिकवत होते का?

पंचवीस वर्षं शिकवलं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. केलं आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेजात रुजू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं हे कॉलेज त्याच वर्षी सुरू केलं होतं. दिवसा पोटापाण्याची नोकरी करून शिकू पाहणारी मुलं तिथे यायची, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलं यायची. दंडवते तिथे पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले, पुढे उपप्राचार्य झाले, आणि १९७१ मध्ये लोकसभेवर निवडून जाईपर्यंत तिथेच राहिले.

त्यांच्या संसदेतल्या भाषणांवर या नोकरीची छाप स्पष्ट दिसते. आधी प्रश्न मांडायचा, मग आकडे, मग निष्कर्ष. नियमावली तोंडपाठ. मुद्दा मांडून झाला की थांबायचं. विरोधी बाकावरून सरकारवर कडक टीका करतानाही त्यांचा तोल गेल्याचं फारसं ऐकायला मिळत नाही.

राजकारणात ते कसे आले?

१९४२ च्या चळवळीतून, त्या पिढीतले बरेच समाजवादी आले तसेच. पुढे ते प्रजा समाजवादी पक्षात गेले आणि महाराष्ट्रात त्या पक्षाचं नेतृत्व केलं. १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहात सत्याग्रहींची एक तुकडी घेऊन ते गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते होते. १९७० मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेवर गेले, पण तिथे फार काळ राहिले नाहीत, कारण वर्षभरातच लोकसभा आली.

मूळचे नगरचे, नोकरी मुंबईत. मग मतदारसंघ राजापूर कसा?

बॅरिस्टर नाथ पै यांच्यामुळे. १९५७ पासून नाथ पै राजापूरचे खासदार होते आणि कोकणच्या माणसांनी त्यांच्यावर जिवापाड प्रेम केलं. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचं अचानक निधन झालं. मध्यावधी निवडणूक तोंडावर आलेली. पक्षानं दंडवत्यांना उभं केलं.

आज कल्पना करणं अवघड जाईल, पण त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसनं जिंकल्या होत्या. राजापूर उरलेल्या तिनांत होतं. पहिल्या विजयात नाथ पैंच्या पुण्याईचा वाटा नक्कीच मोठा होता. त्यानंतरचे चार मात्र दंडवत्यांनी स्वतः मिळवले: १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९.

त्यातला १९८४ चा मला विशेष वाटतो. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या, आणि जनता पक्ष देशभरात दहा जागांवर आला. त्या दहांत एक राजापूर. जातीचं गणित पाठीशी नाही, साखर कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही, पैसा तर नाहीच. तरीही लाटेच्या विरुद्ध एक प्राध्यापक टिकून राहतो, याचं श्रेय कोकणच्या मतदारालाही द्यायला हवं.

आणीबाणीत त्यांना अटक कुठे झाली?

बंगळुरूला. पक्षांतरबंदीच्या विधेयकावर विचार करणाऱ्या संसदेच्या संयुक्त समितीची तिथे बैठक होती आणि तिच्या कामासाठी वेगवेगळ्या पक्षांचे खासदार तिथे जमले होते. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची बातमी आली आणि त्याच दिवशी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते यांना पकडण्यात आलं. संसदेच्या कामावर असलेले खासदार त्याच कामाच्या गावी तुरुंगात गेले. दोन जनसंघाचे, एक संघटना काँग्रेसचे, एक समाजवादी. एरवी सभागृहात एकमेकांविरुद्ध उभे राहणारे हे चौघे आता एकाच तुरुंगात होते.

‘मिसा’ या विनाखटला कैदेत ठेवू देणाऱ्या कायद्याखाली झालेल्या या स्थानबद्धतेला त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं. निरनिराळ्या उच्च न्यायालयांत अशाच याचिका होत्या, आणि अनेक न्यायालयांनी सरकारचं म्हणणं फेटाळलं. मग हे सगळे खटले एकत्र सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जबलपूर खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या निकालात दंडवत्यांचंही प्रकरण होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमतानं न्यायालयानं सांगितलं, की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. कायदा शिकणारी मुलं हा निकाल आजही वाचतात. त्यांतल्या थोड्याच जणांच्या लक्षात येतं की त्यातल्या याचिकादारांपैकी एक जण वर्षभरात देशाचा रेल्वेमंत्री झाला.

त्यांच्या पत्नीही राजकारणात होत्या ना?

प्रमिला दंडवते. ‘त्यांच्या पत्नी’ एवढीच ओळख प्रमिलाताईंवर अन्याय करणारी आहे. राष्ट्र सेवा दलातून आलेल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईत महागाईविरोधी लाटणे मोर्चे काढणाऱ्या, महिला दक्षता समितीच्या संस्थापक. आणीबाणीत त्यांनाही अटक झाली. नवरा बंगळुरूच्या तुरुंगात, बायको येरवड्याला. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली, ती पत्रं तुरुंगाच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात होती, आणि तरीही त्यांत पुस्तकं होती, राजकारण होतं, घरच्या चौकशा होत्या, प्रेम होतं.

१९८० मध्ये प्रमिलाताई मुंबई उत्तर मध्य मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या, म्हणजे त्या सभागृहात नवरा-बायको दोघेही होते. हुंडाविरोधी कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी संसदेत खाजगी विधेयक मांडलं. महिलांच्या राजकीय आरक्षणासाठी त्या शेवटपर्यंत लढल्या. ३१ डिसेंबर २००१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्यावर असंच एक स्वतंत्र पान व्हायला हवं.

रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर गादी त्यांनी आणली, हे खरं का?

खरं आहे. आणि हे नीट समजून घ्यायला त्या वेळचा डबा डोळ्यांसमोर आणायला हवा.

रेल्वेत फार वर्षं पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला आणि ते डबे दुसऱ्या वर्गाचे म्हणून धावू लागले. पाटी बदलली, फळी तीच राहिली. नुसतं लाकूड. मुंबईहून हावड्याला जाणारा गिरणी कामगार, मद्रासला बदली झालेला कारकून, काशीला निघालेल्या म्हाताऱ्या आजी, सगळे दीड-दीड दिवस त्या फळीवर अंग टाकून जात. ज्याच्याकडे वळकटी असेल तो ती पसरायचा. नसेल त्याची पाठ उतरेपर्यंत धरलेली असायची.

दंडवत्यांनी ठरवलं, की दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा. पहिल्या वर्गाच्या गादीइतका तो जाड नव्हता, पण रात्रभर झोपता येईल एवढा होता. त्यांची भूमिका सरळ होती: पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसऱ्याला वर न्यायचं. देशभरातले हजारो डबे एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मुख्य मार्गांवरच्या गाड्यांपासून सुरुवात झाली. सत्तरचं दशक संपता संपता हा बदल प्रवाशांच्या सवयीचा झाला होता.

त्यानंतर किती सरकारं आली आणि गेली. कुणीही ती गादी काढली नाही. काढताच आली नसती. नवी गाडी सुरू करणं, नव्या स्थानकाची कोनशिला बसवणं हे प्रत्येक मंत्र्याला आवडतं, कारण तिथे फीत कापता येते. फळीवर फोम बसवण्याला फीत नसते. त्याचा लाभ घेणाऱ्याला तो कुणी दिला हेही कळत नाही. म्हणूनच मला हा निर्णय स्वतंत्र भारतातल्या कुठल्याही रेल्वेमंत्र्याच्या निर्णयांत सर्वांत वरचा वाटतो. स्लीपरनं प्रवास केलेल्या प्रत्येक माणसाच्या पाठीला तो ठाऊक आहे.

१९७४ च्या संपातल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं होतं का?

हो. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. ८ मे रोजी सुरू झालेला हा संप सुमारे वीस दिवस चालला आणि सरकारनं तो कठोरपणे मोडला. हजारोंना अटक झाली, हजारो बडतर्फ झाले, कित्येकांना रेल्वेच्या वसाहतीतली घरं सोडावी लागली, अनेकांच्या नोंदीत सेवेत खंड पडल्याची नोंद झाली, म्हणजे बढती आणि निवृत्तिवेतन दोन्ही अडकलं.

रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी या कामगारांना कामावर परत घेण्याचा आणि त्यांच्या सेवेचं नुकसान भरून देण्याचा निर्णय केला. संपाचे नेते फर्नांडिस त्या वेळी त्याच मंत्रिमंडळात होते, त्यामुळे राजकीयदृष्ट्या हे अपेक्षितच होतं असं कुणी म्हणेल. पण तीन वर्षं घरी बसलेल्या फिटरच्या किंवा गँगमनच्या घरातून पाहिलं तर नोकरी परत मिळाली, हेच मोठं होतं.

गीतांजली एक्सप्रेसचं वेगळेपण काय?

२६ डिसेंबर १९७७ पासून मुंबई आणि हावड्यादरम्यान धावू लागलेली ही जलद गाडी वर्गविरहित होती. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. तोवर वेग ही प्रामुख्यानं पहिल्या वर्गाच्या आणि वातानुकूलित डब्यांच्या गाड्यांची मिरासदारी होती. कमी पैशांच्या तिकिटावरही लवकर पोहोचता यावं, हा विचार या गाडीमागे होता. पुढे काळानुसार तिला वातानुकूलित डबे लागले आणि ती इतर गाड्यांसारखी झाली.

रेल्वे आरक्षण संगणकावर त्यांनी आणलं का?

त्या दिशेनं हालचाल त्यांच्या काळात सुरू झाली. प्रत्यक्ष संगणकीकृत आरक्षण सुरू झालं ते १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत, तेव्हा ते विरोधी बाकावर होते. समाजवादी मंत्री आणि संगणक हे समीकरण काहींना विचित्र वाटतं, कारण कामगार संघटनांचा संगणकाला विरोध होता. पण आरक्षणाच्या खिडकीत वही घेऊन बसलेल्या बाबूच्या मर्जीवर बर्थ अवलंबून असणं हे गरिबालाच सर्वांत महाग पडतं, आणि हे पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला दिसणं साहजिक होतं.

कोकण रेल्वेचं खरं श्रेय कुणाचं? दंडवत्यांचं, फर्नांडिसांचं की श्रीधरन यांचं?

कोकणात या प्रश्नावरून वाद रंगतात, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

कोकणातून रेल्वे जावी ही मागणी स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. अ. ब. वालावलकर यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं, पायी फिरून मार्गाचा अभ्यास केला, आणि हे अशक्य नाही असं सांगत राहिले. नाथ पैंनी संसदेत हा प्रश्न लावून धरला. तोवर कोकणी माणूस मुंबईला बोटीनं यायचा, नाहीतर एसटीनं घाट आणि वळणं मोजत. देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला धावली, आणि त्याच मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवणाऱ्या रत्नागिरीला रूळ पाहायला मिळाले नाहीत. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर गाव जगायचं.

साठच्या दशकात रूळ ठाण्याजवळच्या दिवा स्थानकाहून पनवेलला आणि पुढे आपट्यापर्यंत आले आणि थांबले. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा या टप्प्याला चालना मिळाली. रोह्यापर्यंत गाडी यायला १९८६ उजाडलं. म्हणजे साठेक किलोमीटरसाठी दोन दशकं. या गतीनं मंगळूर गाठायला दोन-अडीच शतकं लागली असती.

अडचण दोन प्रकारची होती. एक भूगोलाची: सह्याद्रीतून समुद्राकडे धावणाऱ्या असंख्य नद्या आणि खाड्या, मध्ये डोंगराच्या सोंडा, त्यावर कोकणचा पाऊस. दुसरी हिशोबाची: एवढा खर्च करून मालवाहतूक किती मिळणार, हा रेल्वे बोर्डाचा आणि नियोजन आयोगाचा नेहमीचा सवाल. दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून थोडे थोडे पैसे सुटत राहिले तर हा मार्ग कधीच पुरा होणार नाही, हे उघड होतं.

१९८९ च्या डिसेंबरात योग जुळून आला. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस झाले आणि अर्थमंत्री मधू दंडवते. एक मंगळूरचा सुपुत्र, दुसरा राजापूरचा खासदार. मार्गाची दोन्ही टोकं जणू मंत्रिमंडळात येऊन बसली. त्यांनी रेल्वेच्या नेहमीच्या चौकटीबाहेर स्वतंत्र महामंडळ काढायचं ठरवलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा करमुक्त रोख्यांतून लोकांकडून उभा करायचा. रोखे करमुक्त करणं हे अर्थ मंत्रालयाचं काम, आणि दंडवत्यांचा खरा हातभार इथे आहे. फर्नांडिसांनी रेल्वेच्या बाजूनं रेटा लावला, दंडवत्यांनी तिजोरीच्या बाजूनं वाट मोकळी केली. यातला एक जरी वेगळा असता तर फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली असती.

बांधलं ते महामंडळाचे प्रमुख, अभियंते ई. श्रीधरन आणि त्यांच्या माणसांनी. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा उंच पूल आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. काम करताना अनेक मजुरांचा जीव गेला, तेही या हिशोबात धरायला हवं. २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या.

१ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी हा मार्ग राष्ट्राला अर्पण केला. बंगळुरूच्या तुरुंगातल्या चौघांपैकी एकानं ज्यासाठी धडपड केली, त्याचं लोकार्पण दुसऱ्यानं केलं.

तेव्हा श्रेय वाटायचंच तर वालावलकरांच्या ध्यासाला, नाथ पैंच्या आवाजाला, फर्नांडिस आणि दंडवते यांच्या निर्णयाला आणि श्रीधरन यांच्या बांधणीला. यांतलं कुणीही वगळून कोकण रेल्वेची गोष्ट सांगता येत नाही.

अर्थमंत्री म्हणून त्यांनी काय केलं?

१९ मार्च १९९० रोजी त्यांनी एकमेव अर्थसंकल्प मांडला. त्यातल्या आणि त्या वर्षातल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या.

पहिली, सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणं. १९६० च्या दशकात आलेल्या या निर्बंधांमुळे शुद्ध सोनं बाळगण्यावर आणि त्याच्या व्यवहारावर बंधनं आली होती. सोन्याची हौस कमी व्हावी, परकीय चलन वाचावं हा हेतू. झालं असं, की तस्करी वाढली आणि पिढीजात सोनारांचा धंदा बसला. महाराष्ट्रातल्या सराफ पेठांत जुन्या मंडळींना विचारा, परवाने, नोंदवह्या आणि धाडींच्या कहाण्या अजून निघतील. निर्बंधांची सुरुवात झाली तेव्हा अर्थमंत्री मोरारजी देसाई होते, ज्यांच्या मंत्रिमंडळात पुढे दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९९० मध्ये दंडवत्यांनी तो कायदा मोडीत काढला. बाजाराची बंधनं सैल करणारा हा निर्णय एका समाजवाद्यानं घेतला, आणि तो १९९१ च्या उदारीकरणाच्या आधीच. ज्या कायद्यानं हेतू साधत नाही आणि कारागीर मात्र भरडला जातो, तो कायदा ठेवण्यात त्यांना काही समाजवाद दिसला नाही.

दुसरी, शेतकरी, कारागीर आणि विणकर यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जं माफ करण्याची योजना. हे सत्तेवर आलेल्या आघाडीचं निवडणुकीतलं वचन होतं. तिच्याविषयी मतभेद तेव्हाही होते. पुढच्या पिकासाठी पुन्हा बँकेच्या दारात उभं राहता येईल अशी सवलत अडल्यानडल्या शेतकऱ्याला मिळाली, हे खरं. नियमित फेडणाऱ्याला काही मिळालं नाही आणि परतफेडीची शिस्त ढिली झाली, बँकांचं दुखणं वाढलं, हेही खरं. मला यातली दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते.

१९९१ चं परकीय चलनाचं संकट त्यांच्यामुळे आलं का?

असा आरोप अधूनमधून वाचायला मिळतो. तो अन्यायाचा आहे. १९८० च्या दशकभर सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा वाढत गेला आणि तूट भागवायला देशात आणि परदेशात कर्जं काढली गेली. दंडवते आले तेव्हा तिजोरीची अवस्था बिकटच होती, आणि ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, लाखाहून अधिक भारतीयांना परत आणावं लागलं. नोव्हेंबरात सरकारच पडलं. सोनं गहाण ठेवण्याची वेळ आली ती पुढच्या वर्षी, तेव्हा ते मंत्री नव्हते.

त्यांच्या बाजूनं एवढं सांगून झाल्यावर हेही म्हणावं लागेल, की अकरा महिन्यांत वित्तीय तूट आवरायला त्यांनी मोठं पाऊल उचललं नाही. पाठिंब्यावर चाललेल्या सरकारात, मंडल आणि मंदिर या दोन वादळांमध्ये ते जमलं असतं का, ही शंकाच आहे. पण सवलती देण्याकडे कल होता आणि खर्च कापण्याकडे नव्हता, ही त्यांच्या अर्थसंकल्पावरची टीका खोटी नाही.

पक्ष फुटले तेव्हा ते कुठल्या बाजूला राहिले?

१९७९ मध्ये जनता पक्ष फुटला, चरणसिंग आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांच्यासोबत बरेच जुने समाजवादीही गेले. दंडवते जनता पक्षातच राहिले. १९९० मध्ये चंद्रशेखर यांनी जनता दलाचे पन्नासहून अधिक खासदार घेऊन वेगळी चूल मांडली. चंद्रशेखर त्यांचे जुने साथी, तरीही दंडवते विश्वनाथ प्रताप सिंह यांच्यासोबत राहिले. दोन्ही वेळा पलीकडे सत्ता होती.

१९९१ नंतर काय झालं?

त्या वर्षी राजापूरमध्ये त्यांचा काँग्रेसच्या उमेदवाराकडून पराभव झाला आणि वीस वर्षांची लोकसभेतली कारकीर्द संपली. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आल्यावर ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि मार्च १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. नवव्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीचा हा काळ. याआधी १९९० मध्येही काही महिने हे पद त्यांच्याकडे होतं.

एक योगायोग जाता जाता: १९९६ मध्ये राजापूरहून निवडून आलेले सुरेश प्रभू पुढे २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले. या एका मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलेले दोन खासदार रेल भवनात पोहोचले. आज राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ उरलेला नाही. २००८ च्या फेररचनेनंतर तो भाग रत्नागिरी–सिंधुदुर्गात गेला.

त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा आरोप झाला होता का?

त्यांच्या नावाशी जोडलेला असा कुठलाही घोटाळा नाही. रेल्वे आणि अर्थ, दोन्ही खाती पैशाची आणि कंत्राटांची. तिथे ते जसे गेले तसेच बाहेर आले, हे त्यांचे राजकीय विरोधकही मान्य करत.

त्यांचं निधन कसं झालं?

कर्करोगानं आजारी होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत जसलोक रुग्णालयात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.

त्यांच्या नावाचं रेल्वे स्थानक आहे का?

सावंतवाडी स्थानकाला त्यांचं नाव द्यावं, अशी मागणी कोकणात होत आली आहे. मागणी रास्त आहे आणि ती पुरी व्हावी असं मनापासून वाटतं. त्याचबरोबर सावंतवाडीचं टर्मिनस पूर्ण व्हावं, गणपतीच्या दिवसांत सर्वसाधारण तिकिटावर गावी निघालेल्या माणसाला डब्यात बसायला जागा मिळावी, आणि गाड्यांतले स्लीपरचे डबे कमी करत जाण्याचा प्रकार थांबावा, या मागण्याही त्याच अर्जात लिहायला हव्यात. दंडवत्यांनी अर्ज वाचला असता तर आधी त्या वाचल्या असत्या.